दोन्हीकडं सारखं

धाकट्या सुनेचा हात आखडता आहे, ही गोजराबाईंची तक्रार जागृतीच्या लग्नाला पाच वर्षं झाली तरी शिळी होत नव्हती. वाढायला बसली की पळी अर्धीच भरते. माहेरून आंब्याची पेटी आली की एकेक आंबा दाबून बघते, मग एवढे इकडे आणि तेवढे तिकडे. यंदाच्या पेटीतले तेरा आंबे तिनं स्वतःकडे ठेवले आणि थोरल्या जावेकडे अकरा पाठवले. गोजराबाईंनी मोजले होते. देताना इतका विचार कसला करायचा, असं त्या शेजारणींना विचारायच्या. उचलावं, मधोमध कापावं, दोन्हीकडं सारखं द्यावं आणि मोकळं व्हावं.

वाटणीबद्दल बोलायचा त्यांना हक्कच होता. शाळा दुसरीत सुटलेली, सहीपुरतं 'गोजरा' एवढंच लिहिता यायचं, पण गोठिवली गावात कुणाच्या घरात वाटे पडायचे असले की पहिलं बोलावणं त्यांना. सरकारनं जमिनी घेतल्या आणि मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आला, तेव्हा सासरच्या चार भावांत डोकी फुटायचीच काय ती बाकी होती. गोजराबाईंनी सुतळी घेतली, तिला तीन गाठी मारल्या आणि भर उन्हात उभं राहून चार वाटे पाडून दिले. मागाहून माणूस बोलावून मोजलं, तर वीतभराचाही फरक निघाला नाही. ही गोष्ट त्या अजूनही सांगायच्या, कुणी विचारलं नसलं तरी.

घरातही तोच कायदा. दोघी सुनांना साड्या एका रंगाच्या, कुकर एका मापाचे. तीन वर्षांपूर्वी थोरला विपुल चार दिवसांच्या तापात गेला, तेव्हापासून तर कायदा आणखी कडक झाला होता. सुचिता गावठाणातल्या जुन्या घरात राहायची, तिची मुलगी शिकायला होस्टेलवर असायची, आणि धाकटा केतन आणि जागृती रस्त्याकडच्या नव्या बिल्डिंगमध्ये. गोजराबाईंनी स्वतःचेही दोन वाटे केले होते. दुपारचं जेवण सुचिताकडे, रात्रीचं जागृतीकडे. विधवा सुनेच्या ताटात कुणी कमी वाढलं असं गावानं म्हणता कामा नये, आणि गावाच्या आधी ते गोजराबाईंच्या नजरेतून सुटता कामा नये.

विपुलनं जुन्या घराच्या तळमजल्यावर तीस कॉम्प्युटरांचा क्लास काढला होता. तो गेल्यावर मुलं यायची बंद झाली. आता सुचितानं तिथं ऑनलाइन परीक्षांचं केंद्र करायचं मनावर घेतलं होतं. अर्ज झाला, कॅमेरे लागले, खुर्च्यांवर नंबर पडले. गुरुवारी दुपारी चारला परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या बाई तपासणीला येणार होत्या. तीसही कॉम्प्युटर एकदम चालवून बघणार. अडले, तर केंद्र नामंजूर, आणि पुन्हा अर्ज करायचा तो वर्षानं. हे वर्ष सुचितानं कशावर रेटायचं, ते कुणी बोलून दाखवत नव्हतं.

जुन्या घरातलं इंटरनेट दिवसातून चारदा जायचं. नव्या बिल्डिंगमधलं पक्कं होतं, पण तिथून जुन्या घरापर्यंत गल्लीच्या वळणानं दीडशे मीटर अंतर. साधी तार शंभर मीटरच्या पुढं दम टाकते, म्हणून जागृतीनं काचेची तार ओढून घेतली. महाप्याच्या कंपनीत तिचं हेच काम. तारेच्या दोन्ही टोकांना एकेक स्विच होता, म्हणजे एक चपटी पेटी, सगळ्या तारा जिच्यात येऊन बसतात. काचेतून येतो उजेड आणि पेटीला कळते वीज, म्हणून तार जिथं पेटीत शिरते तिथं बोटाएवढा धातूचा एक तुकडा बसवावा लागतो. त्याला मॉड्यूल म्हणायचं. त्यानं उजेडाचं विजेत करायचं आणि विजेचं उजेडात. अशी दोन मॉड्यूलं लागणार होती, एक या टोकाला, एक त्या.

सोमवारी गोजराबाई ओट्यापाशी कोलंबी सोलत बसल्या होत्या आणि जागृती डबा भरता भरता फोनवर धनाजीला सामान सांगत होती.

“ताईंच्या स्विचला दहाचं चालणार नाही, त्यांना एकचंच लागेल. माझ्याकडचा दहाचा आहे. पण मधे एकचंच लावायचंय, तेच द्या.”

गोजराबाईंचा हात कोलंबीवरच थांबला. दहा म्हणजे काय आणि एक म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण दहा हे एकापेक्षा जास्त असतात, एवढं दुसरीपर्यंत शिकवतात. इकडं दहा आहेत आणि तिकडं एकच जाणार. मधले नऊ कुठं राहणार, ते सांगायला कुणी लागत नव्हतं.  बोलायच्या आधी पुरावा हातात धरायचा ही त्यांची पद्धत होती.

पुरावा बुधवारी सकाळी घरी आला. जागृती आठलाच कामाला गेली होती. धनाजीकडून आलेलं पाकीट गोजराबाईंनी उघडलं. आत दोन मॉड्यूलं, आणि तीसुद्धा एकसारखी नाहीत. एकाच्या तोंडाशी निळी कडी, दुसऱ्याच्या पिवळी. त्यांनी पाकीट पदराखाली धरलं आणि जिना उतरून धनाजीच्या गाळ्यात गेल्या.

धनाजी साताऱ्याकडचा. केबल, कॅमेरे आणि असलंच सामान विकायचा. आठ वर्षं गोजराबाईंच्या गाळ्यात होता आणि शटरच्या बाहेर दोन फूट मांडलेलं त्याचं टेबल गोजराबाईंच्या मर्जीवर उभं होतं. त्यांनी दोन्ही मॉड्यूलं त्याच्या काउंटरवर ठेवली आणि यातलं दहाचं कोणतं ते विचारलं. दोन्ही एकचीच आहेत, असं तो म्हणाला. मग दोन्ही दहाची दे, म्हणाल्या, आणि दोन्ही एका रंगाची.

धनाजीनं सांगून बघितलं. ही जोडी अशीच असते आज्जी, एक निळं, एक पिवळं. शिवाय सुचिताताईंचा स्विच जुना आहे, त्याला दहाचं झेपायचं नाही.

“माज्या थोरलीला काय झेपतं त्ये तू सांगशील?” गोजराबाई म्हणाल्या. “दोनी निली दे. पैशाचा मी बगते.”

धनाजीनं बाहेरच्या टेबलाकडं एकदा बघितलं आणि दहाची दोन निळी मॉड्यूलं काढून दिली. ती पाकिटात गेली. आधीची निळी-पिवळी जोडी गोजराबाईंनी रुमालात गाठ मारून आपल्या खोलीतल्या तांदळाच्या डब्यात खुपसली. रविवारी दोन्ही घरं एका पंगतीला बसायची. ताटं वाढून झाली की सगळ्यांदेखत हा रुमाल सोडायचा आणि धाकटीला विचारायचं, हे काय आहे. कसं विचारायचं, त्याचीही त्यांनी मनात दोनदा उजळणी केली.

गुरुवारी जागृतीला अर्ध्या दिवसाचीच सुट्टी मिळाली. त्यामुळे मॉड्यूलं बसवायचं काम तिनं फोनवरून वाटून दिलं. केतननं कामावर जायच्या आधी नव्या बिल्डिंगमध्ये एक बसवलं, सुचितानं जुन्या घरात दुसरं. टक आवाज येईपर्यंत ढकला, मग तार लावा, बास. दोघांनीही टक आवाज आल्याचं कळवलं.

स्विचवरचा दिवा मात्र लागला नाही.

गोजराबाई सुचिताकडे जेवून खालच्या कॉम्प्युटरांच्या हॉलच्या दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. अडीचच्या सुमाराला जागृती रिक्षातून उतरली, चप्पल काढली न काढली तोच स्विचपाशी गेली. तारेचं टोक पुसून बघितलं, पेटी बंद करून पुन्हा चालू केली. मग नव्या बिल्डिंगमध्ये गेली, परत आली. येताना तिकडचं मॉड्यूल घेऊन आली होती. इकडचंही काढलं. दोन्ही तळहातावर शेजारी शेजारी ठेवून ती उजेडाला गेली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. दोन निळ्या कड्या. गोजराबाईंना दारातूनही दिसत होत्या. अगदी सारख्या.

तिनं धनाजीला बोलावून घेतलं. तो आला, हॉलच्या उंबऱ्यात त्याला गोजराबाई दिसल्या, आणि त्याची नजर फरशीवर गेली ती वर आलीच नाही.

“चूक माझ्याकडनं झाली, वहिनी,” तो म्हणाला. “घाईत निळ्याला निळंच गेलं.”

“आणि एकच्या जागी दहाचं गेलं, तेही घाईत?”

 दुसरी जोडी आहे का, असं जागृतीनं विचारलं. दुकानात एकच होती, ती गेली. खारघरच्या डीलरकडं मिळेल, पण जाऊन यायला पावणेपाच तरी वाजतील. घड्याळात सव्वातीन झाले होते.

आता हिचं तोंड सुटणार, असं गोजराबाईंना वाटलं. तिच्या जागी त्या असत्या तर धनाजीचे दोन फूट त्याच क्षणी गेले असते. पण जागृती वळली ती सुचिताकडं.

“ताई, चूक माझी आहे. पाकीट काल घरी आलं होतं, मी रात्री उघडून बघायला हवं होतं. थकले होते, म्हटलं उद्या बघू.”

सुचिता तिसऱ्या रांगेत कीबोर्ड पुसत होती. असू दे, म्हणाली, आणि पुढचा कीबोर्ड पुसायला घेतला. तो तिनं सकाळीच पुसलेला होता. गोजराबाईंनी तेही बघितलं होतं.

आता गप्प बसलं असतं तरी चालण्यासारखं होतं. धनाजीनं दोष घेतला होता, उरलेला धाकटीनं घेतला होता. गोजराबाईंच्या वाट्याला काही उरलंच नव्हतं. पन्नास वर्षं गावाचे वाटे केले, पण आपल्या हिश्शाचं दुसऱ्याच्या ताटात पडलेलं त्यांनी कधी बघितलं नव्हतं, आणि ते बघवेना. त्या उठल्या. कुठं निघालात आई, असं सुचितानं विचारलं, तोवर त्या उंबरा ओलांडून गेल्या होत्या. गुडघे दुखत होते. गल्लीचं ते दीडशे मीटरचं वळण त्या चालून गेल्या, डब्यातून रुमाल काढला, आणि पुन्हा चालत आल्या. गाठीला तांदळाचं पीठ लागलं होतं. रुमाल त्यांनी टेबलावर ठेवला आणि स्वतःच्या हातानं सोडला.

“धनाजीनं काय नाय केला,” त्या म्हणाल्या. “मी केला. तू थोरलीला कमी देतस, मना तसा वाटला.”

 जागृतीनं आधी रुमालाकडं बघितलं, मग सासूकडं. तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते गोजराबाईंनी नीट बघितलं, नजर खाली न घालता. तेवढं सोसणं त्यांना भाग होतं.

“आई, नंतर बोलू,” जागृती म्हणाली. पिवळ्या कडीचं तिनं सुचिताच्या हातात दिलं, निळं स्वतः घेतलं आणि निघाली. गोजराबाई मागोमाग निघाल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

नव्या बिल्डिंगच्या जिन्याखाली स्विच होता. जागृतीनं निळं मॉड्यूल ढकललं, टक वाजलं. मग जिन्याच्या पायरीवर बसून मांडीवर लॅपटॉप उघडला. गोजराबाई कठडा धरून उभ्या होत्या. दोन रंग कशाला, असं त्यांनी विचारलं. विचारताना आवाज नेहमीसारखाच करडा होता, त्याला इलाज नव्हता.

जागृतीनं टाइप करता करताच सांगितलं. जायला आणि यायला मिळून काचेची तार एकच आहे. निळं एका रंगाचा उजेड पाठवतं आणि दुसऱ्या रंगाचा ऐकतं. पिवळं बरोबर उलटं. दोन्हीकडं निळी लावली, तर दोघं एकाच रंगात बोलत बसतात, आणि जो रंग ऐकायचा तो कुणीच पाठवत नाही.

गोजराबाईंना हे समजायला वेळ लागला नाही. लग्न होऊन आल्या तेव्हा खाडीकाठी मिठागरं होती. पत्र्याच्या डब्याला दोन्हीकडून दोर बांधायचे, सासूनं बांधाच्या एका अंगाला उभं राहायचं, सुनेनं दुसऱ्या, आणि झोक्यानं पाणी उपसायचं. एकीनं ओढलं की दुसरीनं सैल सोडायचं. पहिल्या दिवशी सासूबरोबर यांनीही ओढलं होतं, तिच्याइतकंच, कमी पडू नये म्हणून. डबा मध्येच लोंबकळत राहिला आणि सगळं पाणी दोघींच्या पायांवर.

“नि त्ये दहा?” त्यांनी विचारलं.

“तो वेग आहे, आई. ताईंकडच्या स्विचला एकच कळतो. विपुलदादांनी बसवलाय ना तो, पाठीमागं त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे अजून. नवा घ्या म्हटलं असतं मी, पण ताईंना तो काढायचा नाहीये. मग म्हटलं, त्याला चालेल असंच घेऊ.”

“म्हंजे दहाची पेटी एक देनार?”

“आपल्या पेटीला एकही कळतो, पण सांगावं लागतं. तेच सांगतेय. हे मॉड्यूल बसलंय त्या एका दाराचा वेग मी खाली आणला. जुना वर येऊ शकत नाही, तर नव्यानं खाली यायचं. आणि एक काही कमी नाही हो, तीस कॉम्प्युटरांना भरपूर झालं.”

तिनं एक बटण दाबलं. दोघीही पेटीकडं बघत राहिल्या. बारीक दिवा क्षणभर विझलेलाच राहिला, मग हिरवा झाला आणि लुकलुकायला लागला. त्याच वेळी फोन वाजला. पलीकडं सुचिता होती. इकडं हिरवा लागला, एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

तपासणीच्या बाई, संघप्रिया म्हणून, चारला पाच मिनिटं कमी असतानाच आल्या. गोड बोलणाऱ्या पण डोळ्यांनी कडक. तीसही कॉम्प्युटर एकदम चालू करायला लावले, रांगेतून फिरल्या, एकविसावा जरा रेंगाळला तेव्हा वाकून उभ्या राहिल्या. तोही उघडला. मग त्यांनी एक तार मध्येच काढून बघितली, पुन्हा लावली, कॅमेरे मोजले, कागदावर खुणा केल्या. दारात बसलेल्या म्हातारीकडं बघून, या कोण, असं विचारलं. घरच्या, असं सुचितानं सांगितलं. पुढच्या महिन्यापासून परीक्षा ठेवू, असं सांगून बाई पाचच्या आधी निघून गेल्या. त्या गल्लीच्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत सुचिता हसत उभी होती, आणि मग जी रडत खुर्चीवर बसली ती जागृतीनं पाणी आणून दिलं तरी थांबेना.

जागृतीनं जुन्या घरातच चहा टाकला. गोजराबाई खुर्चीवरून बघत होत्या. सुचिताचा कप काठोकाठ, बशीत दोन बटर, कारण ती सकाळपासून जेवली नव्हती. धनाजीचा नेहमीएवढा. गोजराबाईंचा अर्धा, बिनसाखरेचा, कारण गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं आणि ते लक्षात ठेवणारी ही एकटीच. स्वतःसाठी तिनं खाली राहिलेला गाळून घेतला, बोटभर.

गोजराबाईंना आंबे आठवले. अकरा आणि तेरा. त्यांनी मोजले होते, पण हात लावून बघितले नव्हते. आता आठवलं की इकडं आलेले अकरा तयार होते. होस्टेलवरची नात तेव्हा चारच दिवसांसाठी घरी आली होती. तिकडचे तेरा कच्चे, जागृतीनं आठवडाभर पेंढ्यात घालून ठेवले होते आणि त्यातले दोन सडलेही होते.

धनाजी चहा पिऊन उठला. त्याला गोजराबाईंनी टेबलावरून दहाची ती दोन निळी मॉड्यूलं उचलून दिली आणि तू आज खोटं बोललास ते ध्यानात आहे, असं सुनावलं. बाहेरचं टेबल आणखी फूटभर ओढलंस तरी चालेल, असंही सांगितलं. तो गेल्यावर त्यांनी जागृतीला हाक मारली. ती पदराला हात पुसत समोर येऊन उभी राहिली. सुचितानं डोळे पुसले आणि कान दिला. या घरात हाक मारून समोर उभं करणं म्हणजे काय, ते दोघींनाही ठाऊक होतं.

गोजराबाईंनी कप खाली ठेवला.

“तुजा हात आखडता हाय तो हायच, त्यान काय फरक नाय. पन मना सारका वाटा करता येतो, नि तुना ज्याचा त्याला. त्ये माज्या सुतलीनं मापता नाय येत. आजपासून दोनी घरांची वाटनी तू करायची, मी इचारनार नाय. मासली मातर मीच कापीन.”